मराठी विज्ञानकथेतील हरवलेला भाविक

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव येथे भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले. त्यानंतरचे, चौऱ्याण्णवावे संमेलन डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला झाले. त्याचे अध्यक्ष होते डॉ. जयंत नारळीकर. एका कॅथलिक धर्मगुरूच्या पाठोपाठ एक खगोलशास्त्रज्ञ विज्ञानकथाकार, असा हा क्रम होता. फादर दिब्रिटो जुलै २०२४ मध्ये गेले. नारळीकर मे २०२५ मध्ये. दोघांच्या निधनानंतर दोघांवरही पुष्कळ लिहिले गेले, परंतु या दोन अध्यक्षांना एकमेकांशेजारी ठेवून काही लिहिलेले माझ्या वाचनात आले नाही. एकाने आयुष्यभर श्रद्धेच्या माणसाविषयी लिहिले, दुसऱ्याने विज्ञानाच्या माणसाविषयी. मराठी साहित्याने दोघांनाही एकाच मंचावर बोलावले, मात्र कथेत त्या दोघांची गाठ घालून दिली नाही. प्रस्तुत लेख त्या न पडलेल्या गाठीविषयी आहे.

विज्ञानकथेचा मी जुना वाचक आहे. पुण्यात सेमिनरीत असताना लागलेले हे वेड आजही, बीड जिल्ह्यातील धर्मग्रामात, रात्रीची प्रार्थना आटोपल्यावर पुस्तक उघडायला लावते. धर्मगुरूने असले काही वाचावे याचे आमच्या भाविकांना प्रथम नवल वाटते. नारळीकरांच्या 'प्रेषित' या कादंबरीचे कव्हर पाहून ती 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकावरील टीका असावी, असा समज एका वडीलधाऱ्या बाईंनी करून घेतला होता आणि तो मी लगेच दूरही केला नाही. असो.

मराठी विज्ञानकथेचा इतिहास आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे, म्हणून तो थोडक्यात सांगतो. कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या 'केरळकोकिळ' मासिकाने १९००च्या सुमारास झूल व्हर्नची चंद्रप्रवासाची कादंबरी मराठीत क्रमशः आणली. पुढे श्री. बा. रानडे यांची 'तारेचे हास्य' ही कथा 'मनोरंजन'मध्ये आली आणि स्वतंत्र मराठी विज्ञानकथेचा आरंभ बहुतेक अभ्यासक तिच्यापासून मानतात. भा. रा. भागवतांनी व्हर्न आणि वेल्स मुलांच्या घरात नेऊन सोडले. 'उडती छबकडी'ला त्यांनी जोडलेली दीर्घ प्रस्तावना हे या विषयावरील मराठीतले पहिले गंभीर लेखन म्हणावे लागेल. १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली व तिने विज्ञानकथांच्या स्पर्धा सुरू केल्या. १९७४ मध्ये अशाच एका स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने आलेल्या 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. हे जगताप म्हणजेच नारळीकर. आपली आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हे नाव घेतले होते आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीच्या हस्ताक्षरात पाठविली होती. पुढल्याच वर्षी कऱ्हाडच्या संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी या नव्या लेखनाची आवर्जून दखल घेतली. त्यानंतर बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे, अरुण साधू अशी मंडळी आली आणि विज्ञानकथा दिवाळी अंकांची नेहमीची पाहुणी झाली.

या सर्व लेखनाची समीक्षा मात्र दोनच मोजपट्ट्यांनी होत राहिली. पहिली मोजपट्टी विज्ञानाच्या प्राध्यापकांची: कथेतले विज्ञान बरोबर आहे काय? दुसरी साहित्याच्या प्राध्यापकांची: हे साहित्य आहे काय? पहिलीने कथेची उत्तरपत्रिका केली, दुसरीने तिला दारातच उभे ठेवले. या दोन मोजपट्ट्यांच्या मधे एक तिसरा प्रश्न पडून राहिला, आणि माझ्या मते तोच खरा प्रश्न आहे. नवे साधन हातात आल्यावर कथेतला माणूस स्वतःला काय विचारतो? तो काही विचारतो की नाही? विज्ञानकथेचे सामर्थ्य यंत्राच्या वर्णनात नसून यंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या सदसद्विवेकात आहे. त्या विवेकाला कथेत जागा नसेल, तर यानाचा वेग कितीही अचूक असो, ती कथा माहितीपुस्तिकेच्या पलीकडे जात नाही.

हा तिसरा प्रश्न नारळीकरांच्या एका कथेने इतक्या सरळपणे विचारला आहे की तिचा विचार मला बीडमध्ये बसून टाळताच येत नाही. ती कथा म्हणजे 'पुत्रवती भव'. तिचा तर्क साधा आहे. मुलगा की मुलगी हे ठरविणे माणसाच्या हाती आले, तर आपल्या समाजात तराजू कोणत्या बाजूला झुकेल आणि त्याची किंमत पुढे कोण मोजील? पहिल्या मोजपट्टीने पाहिल्यास या कथेत डोळे दिपविणारे काही नाही. कृष्णविवराजवळ मंदावणारा काळ नाही, परग्रहावरचे पाहुणे नाहीत. गर्भजलपरीक्षा तर सत्तरच्या दशकातच भारतात येऊन पोचली होती. परंतु शीर्षक पाहा. हा शाप नाही, राक्षसाचा मंत्र नाही. वाकून नमस्कार करणाऱ्या सुनेच्या डोक्यावर हात ठेवून घरातील वडीलधारी माणसे देत आली तो हा आशीर्वाद आहे. नारळीकरांनी खलनायक शोधायला प्रयोगशाळेत जाण्याचे नाकारले. इच्छा घरातच होती, शतकानुशतके होती. विज्ञानाने तिला फक्त हात दिले. मराठी विज्ञानकथेत इतके अचूक शीर्षक मला दुसरे आढळलेले नाही.

आता या कथेला बीड जिल्ह्याच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहू. २००१च्या जनगणनेत या जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटातील दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८०७ राहिल्या. त्या जनगणनेत महाराष्ट्रातील कोणत्याही जिल्ह्याचा आकडा याहून खाली नव्हता. कायदे नव्हते असे नाही. गर्भलिंगचिकित्सेला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ सालीच केला होता आणि केंद्राचा कायदा १९९४चा आहे. तरीही २०१२ मध्ये परळीत एका अवैध गर्भपातात एका स्त्रीचा मृत्यू झाला आणि जिल्ह्याचे नाव देशभर झाले. ज्या दहा वर्षांत हजारामागे सत्त्याऐंशी मुली कमी झाल्या, त्या दहा वर्षांत 'पुत्रवती भव' ही कथा ग्रंथालयांच्या कपाटात होतीच. धर्मगुरू म्हणून या प्रश्नावर माझे मत काय असेल हे वाचकांना वेगळे सांगायला नको. पण वाचक म्हणून मला जाणवते ते असे की, या विषयावर व्यासपीठावरून बोलताना ऐकणारा सावध होतो, मान डोलावतो आणि घरी जातो. कथा त्याला सावध होऊ देत नाही. ती त्याच्याच घरातला आशीर्वाद त्याच्यापुढे ठेवते.

येथे कथाकाराच्या बाजूने आणि विरुद्धही एक गोष्ट नोंदविली पाहिजे. विज्ञानकथा भविष्य वर्तविते अशी एक भाबडी समजूत आहे आणि तिचे चाहते ती अभिमानाने मिरवितात. कोणत्या लेखकाने पाणबुडी आधी लिहिली, कोणी उपग्रह आधी लिहिला, याच्या याद्या केल्या जातात. 'पुत्रवती भव'चे मोठेपण भाकीत खरे ठरण्यात नाही. ते खोटे ठरले असते तर लेखकालाच अधिक आनंद झाला असता. तिचे मोठेपण समाजाची ओढ ओळखण्यात आहे. उलट बाजू अशी की, मराठी विज्ञानकथेचा पत्ता जवळजवळ नेहमीच मुंबई, पुणे किंवा केंब्रिज असा राहिला. तिच्यातील वीज कधी जात नाही. तिच्यातील नळाला पाणी असते. यंत्र गावात कसे पोचते, त्याचे पैसे कोण भरतो, त्यासाठी कोण कर्ज काढतो, हे तिला दिसले नाही.

बीडच्या ऊसतोडीचेच पाहा. दसरा-दिवाळी झाली की या जिल्ह्यातील लाखो माणसे मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील फडांवर जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे 'एक कोयता' म्हणतात. दोन माणसे मिळून एक अवजार! मजुरीचा हिशेब त्या अवजाराच्या नावाने होतो. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत या जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढून टाकलेले आढळले. पाळी आणि आजारपण यांमुळे खाडा झाला तर दंड बसतो, हे त्यामागचे एक कारण म्हणून पुढे आले. आता एखाद्या परदेशी कादंबरीत असे लिहिले असते की, भविष्यातील एका समाजात माणसे अवजाराच्या नावाने मोजली जातात आणि काम थांबू नये म्हणून स्त्रियांचे अवयव काढले जातात, तर आपण तिला भयस्वप्नाची कादंबरी म्हणून गौरविले असते. हे भयस्वप्न आमच्या धर्मग्रामापासून सायकलच्या अंतरावर आहे. त्यावर ग्रामीण कथा लिहिली गेली, वार्तापत्रे लिहिली गेली. विज्ञानकथा लिहिली गेल्याचे माझ्या पाहण्यात नाही. शस्त्रक्रिया हे विज्ञान नव्हे काय? सुबोध जावडेकरांनी 'आकांत'मध्ये भोपाळच्या वायुकांडाला हात घालून दाखवून दिले होते की, मराठी विज्ञानकथा कारखान्याच्या भिंतीबाहेरच्या माणसापर्यंत जाऊ शकते. रसायनाचा अभियंता असलेल्या लेखकाने ते करावे, यात औचित्य होते. ती वाट पुढे रुंद झाली नाही, याची खंत वाटते.

मूळ मुद्द्याकडे येतो. मराठी विज्ञानकथेत सदसद्विवेकाची जागा अरुंद राहिली याचे एक कारण, माझ्या मते, तिने श्रद्धावान माणसाला कधी पुरता आत घेतला नाही. नारळीकरांची 'धूमकेतू' ही कथा उदाहरणादाखल घेऊ. एका हौशी आकाशनिरीक्षकाला नवा धूमकेतू सापडतो. तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता निर्माण होते. शास्त्रज्ञ गुप्तपणे मोहीम आखून त्याला वाटेवरून ढळवितात. इकडे घरी त्या निरीक्षकाच्या पत्नीने अरिष्टशांतीसाठी यज्ञ केलेला असतो आणि संकट टळल्याचे श्रेय यज्ञाच्या पदरात पडते. कथा बेतशीर आहे, उपहास नेमका आहे, आणि विज्ञानवादी लेखकाने असे लिहिणे हे त्याचे कर्तव्यच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. त्या पत्नीच्या वाट्याला लेखकाने भीती दिली, कर्मकांड दिले, पण प्रश्न दिला नाही. विनाशाच्या छायेत बसलेली एक स्त्री देवापुढे हात जोडते, तेव्हा तिच्या मनात धूमकेतू वळविण्याखेरीज दुसरे काहीच नसते काय? जे वळणार नाही ते सोसण्याचे बळ मागण्यासाठीही माणसे प्रार्थना करतात. नातवाच्या अंगावर पांघरूण घालतानाही करतात. मराठी विज्ञानकथेतील भाविक मात्र सदैव अज्ञानी, आणि कथेच्या शेवटी चुकलेला. तो असा असतो म्हणून माझी हरकत नाही, तो फक्त असाच असतो याला आहे. असे बाहुले समोर असेल तर नायकाचा विजय फार स्वस्त होतो.

याच्या उलट, श्रद्धेचा अजिबात कैवार न घेणाऱ्या एका परदेशी लेखकाने काय केले ते पाहण्याजोगे आहे. आर्थर क्लार्क यांची 'द स्टार' ही लहानशी कथा १९५५ची. हिला १९५६चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. कथेचा निवेदक येशूसंघीय धर्मगुरू आहे आणि खगोलशास्त्रज्ञही. दूरच्या एका ताऱ्याचा स्फोट झाल्यानंतर उरलेल्या अवशेषांचा अभ्यास करायला तो यानातून गेला आहे. त्या ताऱ्याभोवती एक देखणी संस्कृती नांदत होती. विनाश अटळ आहे हे कळल्यावर तिने आपल्या कलाकृती आणि आठवणी एका दूरच्या ग्रहावर जपून ठेवल्या आणि ती जळून गेली. स्फोटाचा काळ मोजता मोजता धर्मगुरूच्या हाती जे उत्तर येते ते त्याला सहन होत नाही. बेथलेहेमवर चमकलेला तारा तो हाच. जगाच्या तारणाची वार्ता सांगण्यासाठी एक निरपराध जग जळावे लागले काय, हा प्रश्न तो आपल्या भिंतीवरील क्रुसाकडे पाहत स्वतःलाच विचारतो.

ही कथा मी किती वेळा वाचली असेल याची गणती नाही. दर नाताळात ती मला आठवते, आणि आठवली की अस्वस्थ करते. काही धर्मबंधू तिला धर्मविरोधी म्हणतात. मला तसे वाटत नाही. क्लार्क यांनी आपल्या धर्मगुरूला मूर्ख केले नाही, ढोंगी केले नाही, शेवटी त्याला झटपट नास्तिक करून टाळ्याही घेतल्या नाहीत. त्याची श्रद्धा खरी आहे, म्हणूनच त्याची जखम खरी आहे. ईशज्ञानाच्या वर्गात निरपराधांच्या दुःखाचा प्रश्न आम्ही सेंट ऑगस्टीनपासून शिकलो, ईयोबाच्या पुस्तकातून शिकलो. तोच प्रश्न हा श्रद्धाहीन लेखक नव्या आकाशात घेऊन जातो आणि तेथे एका भाविकाला त्याच्यासमोर एकटे उभे करतो. प्रतिपक्षाला दिलेला हा सन्मान आहे. 'धूमकेतू'तील गृहिणीला तो मिळाला नाही.

वॉल्टर मिलर यांचे उदाहरण आणखी वेगळे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, इटलीतील मोंटे कॅसिनो हा संत बेनेडिक्ट यांचा प्राचीन मठ बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला. त्या हल्ल्यात भाग घेतलेल्या विमानांत हा तरुण होता. युद्धानंतर तो कॅथलिक झाला आणि पुढे त्याने 'अ कॅन्टिकल फॉर लाइबोवित्झ' ही कादंबरी लिहिली. अणुयुद्धानंतर जग ज्ञानाचाच द्वेष करू लागले आहे, पुस्तके आणि शास्त्रज्ञ जाळले जात आहेत, आणि वाळवंटातील एका मठात काही संन्यासी विज्ञानाचे फाटके कागद, त्यांचा अर्थ न कळताही, पिढ्यान्पिढ्या उतरवून काढीत आहेत. त्या कागदांत वाणसामानाची एक यादीही आहे आणि तीही तितक्याच भक्तीने जपली जाते. येथे हसू येते, पण ते हसू भाविकाला हीन करीत नाही. ज्याने मठ पाडला त्यानेच विज्ञान वाचविणारा मठ कागदावर उभा केला, हे ध्यानात घेतले की कादंबरीतील विनोदाखाली केवढा पश्चात्ताप आहे ते कळते. शेवटी माणूस पुन्हा अणुबॉम्ब करतोच. मिलर यांनी धर्माला विजयी ठरविले नाही आणि विज्ञानालाही नाही.

असे पात्र मराठीत का निर्माण होऊ नये? सामग्री नाही म्हणावे तर तेही खरे नाही. सर्वांत नाट्यमय सामग्री खुद्द नारळीकरांच्या शास्त्रीय आयुष्यातच होती. विश्वाचा आरंभ एका अतिघन 'आदिम अणू'तून झाला, ही कल्पना १९३१ मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियममधील कॅथलिक धर्मगुरू होते. या कल्पनेला 'बिग बँग' हे नाव १९४९ मध्ये एका नभोवाणी भाषणात दिले ते तिचे कडवे विरोधक फ्रेड हॉइल यांनी. हॉइल हे नारळीकरांचे केंब्रिजमधील गुरू. विश्वाला आरंभ नाही, ते स्थिर स्थितीत आहे, हा हॉइल यांचा पक्ष नारळीकरांनी पुढे चालविला आणि १९६५ मध्ये विश्वातील पार्श्वप्रारणाचा शोध लागून बहुसंख्य शास्त्रज्ञ बिग बँगच्या बाजूला गेल्यावरही सोडला नाही. १९९३ साली हॉइल आणि बर्बिज यांच्यासह त्यांनी त्या पक्षाची सुधारित मांडणीही केली. म्हणजे एकीकडे धर्मगुरूने मांडलेला सिद्धान्त बहुमताचा झाला होता, आणि दुसरीकडे आपला मराठी शास्त्रज्ञ, बुद्धिवादी, निरीश्वर परंपरेतला, अल्पमताचा झेंडा घेऊन जवळजवळ एकटा उभा होता. श्रद्धा आणि विज्ञान यांच्या ठरीव भूमिका येथे किती गमतीने उलटल्या आहेत!

त्यातही एक बारीक तपशील आहे. १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी आपल्या भाषणात विश्वारंभाच्या या सिद्धान्तात निर्मितीच्या श्रद्धेला आधार दिसतो, अशा आशयाचे प्रतिपादन केले, तेव्हा लमेत्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धान्त पदार्थविज्ञानाचा आहे, तो श्रद्धेच्या बाजूनेही पुरावा नाही आणि विरुद्धही नाही, अशी त्यांची भूमिका होती. पोप महोदयांच्या उत्साहाने अवघडलेला धर्मगुरू-शास्त्रज्ञ! एखाद्या कथाकाराला याहून चांगले पात्र कोठे मिळणार? हॉइल स्वतःही कादंबरीकार होते. १९५७च्या 'द ब्लॅक क्लाउड'मध्ये त्यांनी आकाशातील ढगाला बुद्धी दिली. नारळीकरांनी मराठीत अनेक प्राध्यापक, अनेक शिष्य, अनेक मंत्री रंगविले. लमेत्रसारखा एक धर्मगुरू मात्र त्यांच्या कथेत मला भेटला नाही. प्रतिस्पर्ध्याचे इतके चांगले चित्र काढण्याची संधी क्वचितच कोणाला मिळते.

या तक्रारींमुळे नारळीकरांच्या भाषेचे ऋण मी विसरलो असे वाचकांनी समजू नये. त्यांचे मराठी स्वच्छ आहे, अनावश्यक इंग्रजीला त्यात थारा नाही. आणि त्यांनी एक युक्ती केली, जी आम्हां मराठी ख्रिस्ती वाचकांना ओळखीची वाटावी. नवे, परके, अवजड द्रव्य त्यांनी पुराणातील भांड्यांत ओतले: यक्ष, वामन, भस्मासुर, ट्रॉयचा घोडाही. चारशे वर्षांपूर्वी फादर थॉमस स्टीफन्स यांनी हेच केले होते. इंग्लंडमधून गोव्यात आलेल्या या येशूसंघीयाने 'ख्रिस्तपुराण' रचताना ओवी घेतली, पुराणाची बैठक घेतली आणि स्वर्गाला वैकुंठ म्हटले. त्यांचे पुराण १६१६ मध्ये छापले गेले. श्रोत्याच्या घरातील शब्दातून नवी वार्ता सांगावी, हे दोघांनाही उमगले होते. 'वामन परत न आला' या कादंबरीत ही युक्ती सर्वांत फळाला आली आहे. प्राचीन, लुप्त झालेल्या संस्कृतीने मागे ठेवलेल्या ज्ञानावरून माणूस एक बुद्धिमान यंत्र उभारतो आणि ते यंत्र पुराणातल्या बटूसारखे लहान वाटता वाटता सारे व्यापू पाहते. दान देणाऱ्या बळीची चूक काय होती, असा प्रश्न प्रत्येक मराठी मूल कधी ना कधी विचारते. १९८६ची ही कादंबरी आज, यंत्रेच लिहू-बोलू लागली असताना, पुन्हा वाचताना तो प्रश्न जुना वाटत नाही.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. नारळीकरांच्या पात्रांना चेहरे कमी आणि पदव्या अधिक. एक जाणकार बोलतो, दुसरा अजाण 'म्हणजे कसे?' असे विचारतो, आणि दोन पाने व्याख्यान होते. त्यांच्या अनुकरणकर्त्यांनी व्याख्यान उचलले, नेमकेपणा उचलला नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकांतील दिवाळी अंकांत असल्या कथांचा सुकाळ होता आणि त्यांतील बहुतेक आज आठवतही नाहीत. मात्र 'गंगाधरपंतांचे पानिपत'सारख्या कथेत हाच प्राध्यापक जिवंत होतो. १७६१च्या लढाईत विश्वासरावांना लागलेली गोळी कानाजवळून निघून गेली असती तर, या एका 'तर'मध्ये हरवलेला हा इतिहासकार पुराव्याच्या कागदासाठी कासावीस होतो, रिकामी अध्यक्षीय खुर्ची पाहून भाषणाला उभा राहतो आणि लोकांचा मार खातो. 'पानिपत' हा शब्दच ज्या भाषेत सर्वनाशाचा वाक्प्रचार झाला, त्या भाषेत ही कथा लिहिली जावी, हे योग्यच झाले.

आणि भाविकांच्या संदर्भात एक अपवाद नोंदवितो, कारण तो मला फार आवडतो. 'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेत मोबिअस पट्टीसारख्या वाटेने जाऊन आलेल्या वस्तूचे डावे-उजवे बदलते, अशी कल्पना आहे. क्रिकेटचा एक गोलंदाज एकाएकी दुसऱ्याच हाताने गोलंदाजी करतो, आणि कोड्याची किल्ली सापडते ती गणपतीच्या मूर्तीत, तिच्या वळलेल्या सोंडेत. उजव्या सोंडेचा गणपती कडक, त्याचे सोवळे मोठे, ही घरोघरची समजूत लेखकाला ठाऊक आहे. तिच्यावर तो हसत नाही, तिचे खंडनही करीत बसत नाही. देव्हाऱ्यातील मूर्तीकडे रोज निरखून पाहणाऱ्या माणसालाच तिची सोंड वळल्याचे कळणार, एवढे तो गृहीत धरतो. येथे भक्ताची नजर पुरावा म्हणून उपयोगी पडते, आणि विज्ञानाला तिची गरज लागते.